मीठ-मोहरी, निर्गुंडी आणि आईचे पाऊल

कोकणकन्या एक्स्प्रेस कुडाळ स्थानकात शिरली, तेव्हा मार्गशीर्षातले धुके कापणी झालेल्या खाचरांवर रेंगाळत होते. आईला हात देऊन सावकाश फलाटावर उतरवले. तिचे वय 78. मधुमेह चोवीस वर्षांचा, रक्तदाब त्याहून अलीकडचा आणि गुडघे दोन्ही कुरकुरणारे. माहेरी जायचे म्हणून ती आठ दिवस आनंदात होती. मी मात्र औषधांचा डबा पुन्हा पुन्हा तपासत होते.

माझ्या धास्तीला कारण होते. दोन वर्षांपूर्वी थंडीत तिच्या गुडघ्याला मी गरम विटेचा शेक दिला. फडक्यात गुंडाळलेली वीट घसरून तळपायाला टेकली आणि तशीच राहिली. आई काही बोलली नाही, कारण तिला काही जाणवलेच नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांतल्या नसा बधिर होतात, हे मी वाचले होते. परंतु शेक देताना ते आठवले नाही. दुसऱ्या दिवशी भला मोठा फोड दिसला आणि ती जखम भरून यायला साडेतीन महिने लागले. त्या दिवसांतली प्रत्येक मलमपट्टी मला माझी चूक दाखवीत असे.

वालावलच्या रस्त्याने रिक्षा निघाली. माड, पोफळी, चिऱ्याची कुंपणे आणि मधूनच दिसणारे कर्ली नदीचे पाणी. घराच्या सारवलेल्या खळ्यात मामी उभी होती. वय पंच्याऐंशीच्या घरात, पाठीत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. आईला पाहताच तिने हात पुढे केले नाहीत. प्रथम माजघरातून मूठभर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या आणल्या. मात्र ओवाळण्याआधी तिने विचारले, "गोळी घेतलंस काय गो? आधी ती घे. मगे दिष्ट काढतंय."

मी चकित झाले. आईने गोळी घेतली, दोन घास पेज खाल्ली. मग मामीने ती मूठ तिच्यावरून उतरवली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि सारे चुलीच्या निखाऱ्यावर टाकले. मिरची तडतडली. खाट आला नाही, तर दृष्ट मोठी, असा इथला समज. त्या दिवशी मात्र आम्हा सर्वांनाच ठसका लागला आणि आई लहान मुलीसारखी हसली. मिठाने साखर उतरत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तरीही आपल्यासाठी कोणी चुलीपाशी बसते, आपले नाव घेऊन काही मागते, याचा आधार आजारी माणसाला हवा असतो. संध्याकाळी मामेभावाने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, तेव्हा "होय महाराजा" म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता.

दुसऱ्या सकाळी मामीने मला परसू दाखविला. विहिरीकडेला अडुळसा, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली ओव्याची जाड पाने, कुंपणाला निर्गुंडी, आंब्यावर चढलेली गुळवेल. या ज्ञानाची टिंगल करण्याचे कारण नाही. खोकल्यावरचे ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच घडविले गेले. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या वैद्याने 1785 मध्ये डिजिटालिसवर ग्रंथ लिहिला, त्याचे मूळही श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्यात होते. मात्र विदरिंगने दहा वर्षे रुग्ण पाहून मात्रा ठरविली. कारण तीच वनस्पती जास्त झाली, तर विष ठरते. वनस्पतीत गुण असतो म्हणूनच तिच्यात अपायही असू शकतो. गुळवेलीचेच पाहा. कोविडच्या काळात तिचा काढा घराघरांत शिजू लागला आणि 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर मतभेद झाले. पण सावधगिरीची सूचना त्यात होतीच.

दुपारी मामीने निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम केला. माझ्या छातीत धडधडू लागले. मी विटेची हकिकत सांगितली. तिने शांतपणे पाल्याची पुरचुंडी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला धरली, निवू दिली, पुन्हा धरली. "तिका कळणा नाय, म्हणान आपणाक कळाक व्हया," ती म्हणाली. मग फक्त गुडघ्यावर, कोमट, आणि पाय पाटावर वेगळा ठेवून शेक दिला. शेकानंतर दोन्ही तळवे उलटून दिव्याजवळ पाहिले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. रुग्णालयातून निघताना मला हेच सांगितले होते. मामी ते कुठे शिकली?

उत्तर रात्री पडवीत मिळाले. मामांना मधुमेह होता. दहा-बारा वर्षांपूर्वी एक फिरता जाणकार आला. घराला करणीची बाधा आहे, ती काढतो, चूर्णाने रोग मुळापासून जाईल, पण इंग्रजी औषध बंद करायचे, असे त्याने सांगितले. गंडा बांधला आणि पैसे घेतले. दोन महिन्यांत मामांच्या पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. "जो पैशे मागता आणि गोळी बंद कर म्हणता, त्येका माज्या खळ्यात पाय ठेवूक देणंय नाय," मामी म्हणाली. तेव्हापासून तिची दृष्ट गोळीनंतरच निघते.

महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा वा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे त्यात गुन्हा ठरते. घरातल्या पूजेला किंवा यात्रेला त्याने हात लावलेला नाही. कायद्याच्या पुस्तकातली ही रेषा मामीने स्वतःच्या उंबरठ्यावर आखून घेतली होती. मात्र तिची किंमत मामांनी मोजली होती.

निघताना तिने आईच्या हाती एक बटवा दिला: मेथीदाणे, सुंठ, ज्येष्ठमध, वेखंड. परतीच्या गाडीत मी प्रत्येकाचे नाव वहीत गोळ्यांच्या यादीखाली लिहिले आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी हसण्यावारी नेले नाही. ज्येष्ठमधावर काट मारली, कारण त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. मेथी भाजीपुरती ठेवायला सांगितली. गोळ्यांबरोबर ती रोज भरपूर घेतली, तर साखर अकस्मात खाली येऊ शकते. सुंठ चिमूटभर चालेल. रक्त पातळ करणारे औषध पुढे सुरू झाले, तर पुन्हा विचारा, असे म्हणाले. वेखंड पोटात नकोच.

घरात ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी अशी वही जरूर ठेवावी. काढा, चूर्ण, लेप, शेक, सारे तिच्यात यावे. आपण रागावू, या भीतीने म्हातारी माणसे हे लपवितात, आणि लपविलेला उपायच अधिक घातक ठरतो.

आई आता दर शनिवारी मामीला फोन करते. मामी तिकडे मीठ-मोहरी हातात घेते आणि विचारते, गोळी घेतलीस का, पाय पाहिलेस का? आई मान डोलावते. मग मी दिवा जवळ घेऊन तिचे तळवे उलटून पाहते.