एका वेढ्याचा प्रश्न

गेल्या वैशाखातील गोष्ट. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपून आम्ही भोरच्या घरी ओसरीवर बसलो होतो. धाकट्या भावाचा मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी, छोटी मोटार घेतली. कर्जाच्या सोयीसाठी ती माझ्या नावावर आहे. हप्ते मात्र तोच भरतो, तेही वेळेवर. त्या सायंकाळी तो जरा घुटमळतच माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, तुमची परवानगी हवी होती. गाडीच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून घ्यायचा आहे."

मला काही उमगेना. मग त्याने सविस्तर सांगितले. गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून त्याने आधीच मूळच्या स्प्रिंगा काढून बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. त्याने गाडी साडेतीन सेंटीमीटर खाली आली होती; परंतु चाक आणि वरची कमान यांमधील फट त्याच्या डोळ्यांत अजूनही सलत होती. नव्या स्प्रिंगा पुन्हा घ्यायच्या तर हजारो रुपये लागणार. गॅरेजवाला म्हणत होता, अर्ध्या तासाचे काम आहे, कटरने एकेक वेढा उतरवून देतो.

एकदम 'नाही' म्हणणे सोपे होते. पण आयुष्यभर कर्जाच्या अर्जांवर निर्णय देताना एक सवय लागली आहे. नकार द्यायचा तर त्याचे कारण लिहिता आले पाहिजे. शिवाय मुलाच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते असेही नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर ती कमी कलते, हे खरेच आहे. म्हणून त्याला म्हटले, "रविवारी आपण दोघे मोजमाप करू, मग ठरवू."

रविवारी अंगणात गाडी उभी केली. रिकाम्या गाडीच्या चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या भांड्याखाली, तेरा सेंटीमीटर जागा भरली. मग घरातील पाच माणसांना आत बसवले. त्यात माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आईही होती. आता तीच जागा जेमतेम दहा सेंटीमीटर उरली. वेढा कापल्यावर आणखी दोन सेंटीमीटर जाणार, असा गॅरेजवाल्याचा अंदाज होता. उरले आठ.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा लागतो. रुंदी एवढी असल्यामुळे चाके हळूहळू वर चढतात आणि त्यांच्याबरोबर गाडीही उचलली जाते. आपल्याकडे गावोगावच्या वेशीवर जे उंचवटे असतात ते मात्र हातभर रुंदीचे. पुढची चाके ओलांडून गेली की तो उंचवटा दोन्ही चाकांच्या मधोमध, थेट गाडीच्या पोटाखाली येतो. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याला जाणाऱ्या माणसास हे निराळे सांगावे लागत नाही.

एवढ्यावर पुतण्या म्हणाला, "सावकाश चालवीन, काका." म्हणून मी कागद घेतला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असलो तरी हे गणित अवघड नव्हते. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेल्या पाचांमुळे स्प्रिंग सुमारे वीस टक्के अधिक ताठ होते. एकीकडे दबण्यास जागा कमी आणि दुसरीकडे धक्के अधिक कठोर. आखूड म्हणूनच घडवलेल्या स्प्रिंगेत तारेची जाडी, वेढ्यांमधील अंतर आणि टोकाचा आकार यांचा मेळ आधीच घातलेला असतो. कापताना नेमके ते टोकच जाते. मग स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि खड्ड्यावर चाक खाली लोंबले की ती जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने कापली तर पोलादाला दिलेले पाणीही उतरते. शॉकॉब्सर तर मूळ लांबीसाठीच बनवलेला. त्याचा दांडा सदैव अर्धा आत गेलेला राहणार आणि प्रत्येक खड्ड्यावर तळाच्या रबरावर आपटणार.

कायद्याचे कारण मी मुद्दामच शेवटी ठेवले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला भाग बसवून बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहेत. "आणि मालक म्हणून नाव माझे आहे," एवढेच मी म्हणालो.

तो गप्प राहिला. पण त्याची समजूत पटली नव्हती, हे मला दिसत होते. "मग आखूड स्प्रिंगा बसवल्या तेव्हा कोठे काय झाले?" असे तो पुटपुटला. तेव्हा मी त्याला जे सांगितले ते आजवर घरात कोणालाही सांगितलेले नव्हते.

नव्वदच्या दशकात माझी नेमणूक वेल्ह्यास होती. तोरण्याच्या पायथ्याचा तो भाग. पावसाळ्यात चार महिने धुके आणि चिखल. लोकांचे येणे-जाणे एसटी आणि वडापच्या जीपगाड्यांवर. अशाच एका जीपचे कर्ज मी मंजूर केले होते. मालक कष्टाळू आणि हप्त्याला चोख. वार्षिक पाहणीसाठी गेलो तेव्हा मागच्या चाकावरील पाट्यांमध्ये दोन पाटे नवेकोरे दिसले. मी विचारले. तो हसून म्हणाला, "साहेब, भाताची पोती न् माणसं भरली की मागं बसत हुती. आता बसत न्हाई." किती माणसे भरतो हे मी विचारले नाही. हप्ते नियमित येत होते. पाहणी अहवालात मी लिहिले, 'वाहन सुस्थितीत.'

पुढच्या पावसाळ्यात पाबे घाटाच्या उतारावर पाटे धरून ठेवणारे कडे तुटले आणि जीप चरात गेली. जीव कोणाचा गेला नाही. मात्र मागे बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाचा पाय कायमचा अधू झाला. मला कोणी जाब विचारला नाही. विचारणार तरी का? पाटे वाढवणारा दुसरा, माणसे भरणारा दुसरा. कर्ज शेवटच्या रुपयापर्यंत फिटले, खाते बंद झाले. माझ्या हातचे ते दोन शब्द मात्र मला कधीच बंद करता आले नाहीत.

त्या मालकाने गाडी उंचावली होती, आमच्या मुलाला ती खाली आणायची होती. दिशा उलट, पण गोष्ट एकच. स्प्रिंग ही गाडी आणि रस्ता यांच्यामधील करार असते. त्यात एकाने आपल्या सोयीने बदल केला तर त्याचा भार चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्यावर अधिक पडतो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. त्या जीपमालकाला निदान पोटाची गरज होती. आमच्याकडे तर नुसती डोळ्यांची हौस.

आपल्या श्रावकाचारातील तीन गुणव्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. ज्या कृतीतून काहीही अर्थ साधत नाही, तरी दुसऱ्याला इजा होऊ शकते, ती टाळावी, असा त्याचा आशय. प्रमादाने, बेफिकिरीने केलेली कृती त्यातच मोडते. लहानपणी पाठशाळेत हा शब्द मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला पाबे घाटाने शिकवला, आणि तोही दुसऱ्याच्या पायाच्या मोलाने.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "तो मुलगा आता काय करतो?" मला उत्तर देता आले नाही. बदलीनंतर मी कधी चौकशीच केली नव्हती. त्या प्रश्नाने मला जेवढे लाजवले, तेवढे कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने लाजवले नसेल.

स्प्रिंग कापली गेली नाही. पहिला पाऊस पडला आणि चातुर्मासात आईला वरचेवर दर्शनासाठी न्यावे लागणार म्हणून त्याने स्वतः होऊन जुन्या, मूळच्या स्प्रिंगा परत बसवून घेतल्या. त्या त्याने टाकून दिल्या नव्हत्या, हे बरे झाले. बदललेली वस्तू पूर्ववत करता येते. कापलेला वेढा जोडता येत नाही. आखूड स्प्रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्या विकाव्यात की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. विकल्या तर त्या दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसणार, असे त्याचेच म्हणणे.

आणि मी? पर्युषण जवळ आले आहे. क्षमापनेच्या दिवशी ओळखीच्यांना हात जोडणे सोपे असते. यंदा त्याआधी वेल्ह्यास जाऊन त्या मुलाचा शोध घ्यायचे मी ठरवले आहे. मुलगा कसला, तोही आता पन्नाशीकडे झुकला असेल. गाडी पुतण्याच चालवणार आहे.