दोघी बहिणींचं घर

मैत्रिणींनो, मागे मूलबाळ नसेल तर आपल्याकडे लोक पटकन विचारतात, "एवढ्या घराचं पुढे काय होणार?" त्यांना वेल्समधल्या ग्रेगिनॉगची हकिगत सांगावीशी वाटते.

ग्रेगिनॉग ही खेड्यातली, जमीनदारांची जुनी हवेली. बाहेरून काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची दिसते, पण ती सगळी काँक्रीटवरची रंगरंगोटी! १९२० साली ती ग्वेंडोलिन आणि मार्गारेट डेव्हिस या अविवाहित बहिणींच्या मालकीची झाली. आजोबा लाकूडकाप्यापासून वर आलेले. कोळसा आणि रेल्वेत त्यांनी अमाप पैसा मिळवला होता. पहिल्या महायुद्धात या दोघींनी फ्रान्समध्ये सैनिकांसाठी कँटीन चालवलं होतं. तेव्हा नुसतं शोभेचं घर मांडून बसणं त्यांना कुठलं जमायला!

१९२२ मध्ये त्यांनी तिथे छापखाना काढला आणि देखणी पुस्तकं छापली. १९३३ ते १९३८ पर्यंत संगीताचे महोत्सव भरवले. दुसऱ्या महायुद्धात तेच घर रेड क्रॉसचं झालं आणि आजारातून उठणारी माणसं तिथे विश्रांतीला राहू लागली. जिथे गाणं घुमायचं तिथे औषधांचा वास आला. पण घराची शान त्यानं उणावली का? मला तर ती वाढली असंच वाटतं.

दोघींनी मोने, रेन्वार यांची चित्रंही हौसेनं जमवली होती. ग्वेंडोलिन १९५१ साली गेली, मार्गारेट १९६३ साली. चित्रं कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाली. घराची सोय मात्र मार्गारेटनं हयातीतच, १९६० साली, वेल्स विद्यापीठाला देऊन लावली. मग तिथे विद्यार्थी अभ्यासाला येऊ लागले. बंद पडलेला छापखानाही १९७० च्या दशकात पुन्हा सुरू झाला. २०१९ पासून एक विश्वस्त संस्था घर सांभाळते आहे.

एवढं मोठं घर राखायचं म्हणजे खर्चाचा डोंगर, हे आपण गृहिणी जाणतोच. पण मला मोल वाटतं ते मार्गारेटच्या वेळेवर घेतलेल्या निर्णयाचं. आपल्यामागे भांडणं लागतील, भाऊबंद बघून घेतील, असं म्हणत आपण किती गोष्टी लांबणीवर टाकतो! घर दोन खोल्यांचं असो की दोनशे एकरांचं, ते कुणाच्या उपयोगी पडावं, हे हातपाय चालताहेत तोवर ठरवावं. आणि ठरवलेलं कागदावर उतरवावं, बरं का!