त्रैराशिक

गणिताचा पिच्छा कायमचा सुटावा म्हणून नर्सिंगला येणाऱ्या मुली दरवर्षी असतात. त्यांतलीच मी एक. चाळीसगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली, आणि त्रैराशिकाशी जन्माचं वैर. शाळेची सहल पाटणादेवीला गेली तेव्हा गुरुजींनी भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख दाखवला आणि ‘लीलावती’तही त्रैराशिक आहे, असं छाती फुगवून सांगितलं. हे दुखणं आपल्याच तालुक्यातून निघालं, एवढाच अर्थ मी त्यातून काढला. घरी आबांचं किराणा दुकान. त्यांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. कागदाला हात न लावता हिशेब सांगत. तेही मला जादूटोण्यातलंच वाटे.

जीएनएमच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राने घाम काढला, पण तो पाठांतराचा घाम होता. २०६ हाडं, १२ क्रेनिअल नर्व्हज, सगळं इंग्रजीतून. हॉस्टेलच्या जिन्यात बसून आम्ही एकमेकींना म्हणून दाखवायचो. घोकंपट्टीची भीती कुणालाच नव्हती. शाळेने दुसरं शिकवलंच काय होतं? खरी गाठ पडली ती फार्माकॉलॉजीशी. ट्यूटर मॅडमनी फळ्यावर सूत्र लिहिलं : डिझायर्ड अपॉन अव्हेलेबल, गुणिले मिली. बघते तर तेच जुनं त्रैराशिक, अ‍ॅप्रन घालून आलेलं. आम्ही तेही घोकलं. सूत्र नुसतं घोकलेल्या मुलीचं एक वाईट असतं. तिचं उत्तर सहाऐवजी साठ आलं तरी ती बिनदिक्कत साठ लिहिते आणि खाली दोन रेघा मारते.

ते सूत्र माझ्या डोक्यात शिरलं लहान मुलांच्या वॉर्डात. इनचार्ज सिस्टर तोंडाने फटकळ, पण शिकवायची हौस दांडगी. एका दुपारी त्यांनी पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या टेबलावर ठेवल्या. दोन सिरपच्या, एक ड्रॉप्सची. ‘‘दहा किलोचं लेकरू, किलोला १५ मिलिग्रॅम. किती?’’ दीडशे. ‘‘ह्यातून?’’ त्या बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं. ६ मिली. दुसरीवर ५ मिलीत २५०. मग ३ मिली. ड्रॉप्सच्या एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. म्हणजे दीड मिली. लेकरू तेच, ताप तोच, औषधही तेच. ‘‘आता ह्या लेकराच्या आईला तू नुसतं सहा मिली सांगितलंस आणि घरी निघाली ड्रॉप्सची बाटली. मग?’’ सहाशे मिलिग्रॅम. चौपट. मी उत्तर दिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आबा साखर तोलण्याआधी आजचा भाव बघत, तसं आधी लेबल बघायचं; गुणाकार-भागाकार त्यानंतरचे. फळ्यावरच्या सूत्रात ‘अव्हेलेबल’च्या जागी नुसता आकडा असतो, बाटली नसते. नर्सिंगचा अभ्यास अवघड जातो तो बऱ्याचदा इथेच, असं माझं मत आहे. मुली कच्च्या असतात असं मुळीच नाही.

मग सलाइनचे थेंब मोजणं आलं. मिलीला २० थेंबांचा सेट, ५०० मिली आठ तासांत द्यायचं, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रो सेटला मिलीला ६० थेंब पडतात, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे कळलं तेव्हा मला चक्क आनंद झाला. गणिताने दिलेला तो पहिलाच आनंद म्हणायचा.

पुढे हे घरापर्यंत आलं. आईला इन्सुलिन सुरू झालं होतं आणि काही केल्या साखर खाली येईना. पथ्य मोडल्याचा आळ तिच्यावर, आणि ती बिचारी भाकरीसुद्धा मोजून खात होती. सुट्टीत गेले आणि तिची सिरिंज हातात घेतली. टोपण नारिंगी, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिनची. बाटली मिलीला ४० युनिटची. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. आई वीसच्या खुणेपर्यंत भरायची आणि शरीरात जायचे आठच युनिट. सिरिंज बदलली. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, कारण पूर्ण डोस जायला लागल्यावर साखर एकदम खाली यायचीही धास्ती असते. आळ घेणाऱ्यांपैकी एकानेही तिची माफी मागितली नाही, हे मात्र लिहून ठेवते.

आता मी शिकवते. आयसीयूत पंप आहेत, मुलींच्या मोबाइलमध्ये डोस काढून देणारी अ‍ॅप्स आहेत. माझी हरकत नाही. पण साध्या पंपाला ४.५ काय आणि ४५ काय, सारखेच. जे भराल ते तो इमानाने देतो. म्हणून आकडेमोडीआधी उत्तराचा अंदाज सांगायचा, हा माझ्या वर्गातला नियम. मुलींना तो जाच वाटतो. शिवाय प्रॅक्टिकलच्या टेबलावर मी बाटल्या मांडते. ‘‘मॅडम, लेखी परीक्षेत बाटली थोडीच देतात?’’ असं एकीने विचारलं होतं. खरंय, नाही देत.

परवा एका मुलीने इन्सुलिनची बाटली उचलली, ४० युनिट वाचलं, लाल टोपणाची सिरिंज वेगळी काढली. मग बाटली फिरवून फिरवून बघत म्हणाली, ‘‘मॅडम, ही उघडली कधी? तारीखच टाकलेली नाही.’’ माझ्या प्रश्नात ते नव्हतं. मी तिला पूर्ण मार्क दिले आणि तारीख कुणी टाकली नाही, ते शोधायला वॉर्डात गेले.