वीस किलोची प्लेट

जिल्हा वेटलिफ्टिंग संघटनेचं सचिवपद माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं. आधीच्या कारभाऱ्यांकडून मी एक पत्र्याची ट्रंक आणली. लेटरपॅड, रबरी शिक्का, अर्धवट वापरलेली पावतीपुस्तकं आणि जुन्या स्पर्धांचे सुटे कागद, एवढंच तिच्यात होतं. सभासद व्यायामशाळांच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक बंद पडल्या होत्या. एकीच्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं होतं. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी कार्यकारिणी म्हणून ज्यांची नावं होती, त्यांतले काही जण हयातही नव्हते. प्रमाणपत्रं मात्र दरवर्षी निघत होती.

ही प्रमाणपत्रं म्हणजे साधा कागद नव्हे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. त्यामुळे बार कधी हातात न धरलेल्या माणसालाही या कागदाची गरज पडते. माझ्या नावाची पाटी लागली त्याच आठवड्यात एक गृहस्थ पेढे घेऊन घरी आले. भाच्याला ‘सहभागाचं’ काहीतरी हवं होतं. मी पेढे परत दिले. त्यानंतर कार्यकारिणीत पहिला ठराव झाला तो असा: प्रत्येक प्रमाणपत्रावर निकालपत्राचा क्रमांक असेल, आणि निकालपत्रावर तिन्ही पंचांच्या सह्या असल्याशिवाय शिक्का उमटणार नाही. ती ट्रंक मी महाविद्यालयाच्या जिमखान्यातल्या कपाटात ठेवली. तिची एक किल्ली माझ्याकडे राहिली, दुसरी खजिनदारांकडे.

देशाची संघटना, राज्याची संघटना या फार वरच्या गोष्टी वाटतात. पण राष्ट्रीय संघात निवडल्या जाणाऱ्या प्रत्येक मुलीचा पहिला कागद कुठल्या तरी जिल्ह्याच्या सचिवाने लिहिलेला असतो. तिची जन्मतारीख, तिचं शरीराचं वजन, तिने उचललेले किलो हे तीन आकडे आम्ही वर पाठवतो आणि वरचे लोक त्यावर विश्वास ठेवून पुढचं रचतात. आम्ही खोटं पाठवलं तर राष्ट्रीय संघाच्या शिबिरातही ते खोटंच पोहोचतं. म्हणून संघटना सावरायची ती आकड्यापासून, हे माझं तेव्हाही मत होतं.

पण आकडा किती खोलवर बिघडलेला आहे, ते राज्य स्पर्धेत कळलं. आमची दोन चांगली मुलं स्नॅचमध्ये बाद झाली. वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅचचे तीन प्रयत्न आणि क्लीन अँड जर्कचे तीन. दोन्हींत किमान एक लिफ्ट बसल्याशिवाय टोटल लागत नाही. म्हणून पहिला प्रयत्न झोपेतून उठूनही उचलता येईल असा लावायचा, हे प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असतं. आमच्या मुलांचे पहिले प्रयत्न तसेच लावले होते. घरी ते वजन त्यांनी अनेकदा सहज डोक्यावर नेलं होतं. तिथे मात्र बार छातीच्या वर येईना. एकेक करून तिन्ही लिफ्टना लाल दिवे लागले. दोघंही खाली मान घालून बसली आणि त्यांचे सर त्यांना ‘घाबरलात’ म्हणून रागावत होते. मला ते पटेना. घाबरलेला खेळाडू वेळ चुकवतो, पाय चुकवतो. या मुलांचं तंत्र व्यवस्थित होतं, फक्त वजन जड होतं.

परत आल्यावर आम्ही आमच्या सरावाच्या हॉलमधल्या सगळ्या प्लेटा टेम्पोत घातल्या आणि मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर नेल्या. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याचा ताजा शिक्का होता. हमालांनी एकेक प्लेट ठेवायची, दिवाणजींनी आकडा वाचायचा, मी ऑइल पेंटने प्लेटवर क्रमांक घालून वहीत लिहायचं. वीस किलोची म्हणून अनेक वर्षं वापरलेली एक प्लेट अठरा किलो सहाशे ग्रॅम निघाली. तिची जोडीदार वीस किलो नऊशे. दहाच्या प्लेटांत एकही दहाची नव्हती. आमच्या भागातल्या फाउंड्र्यांमध्ये कोणी तरी प्रेमाने ओतून दिलेलं बीड होतं ते. त्या काळी तेवढं मिळालं हेच पुष्कळ होतं, आणि देणाऱ्यांचे उपकार मी आजही मानते. पण स्पर्धेच्या प्लेटला नियमाने 0.1 टक्का जास्त किंवा 0.05 टक्का कमी एवढीच सूट असते. पंचवीस किलोच्या प्लेटमध्ये पंचवीस ग्रॅम जास्त चालतात, साडेबारा ग्रॅम कमी चालतात. आमचा हिशोब किलोत चुकत होता.

दिवाणजींनी वही मिटली तेव्हा आमच्या सरांचा चेहरा उतरला होता, पण त्याचं कारण ती दोन मुलं नव्हती. हॉलमध्ये एक मुलगी होती, जिचा डावा कोपर जर्कमध्ये कायम ढिला पडायचा. त्यावरून तिने किती बोलणी खाल्ली होती! अठरा सहाशेची प्लेट एका बाजूला आणि वीस नऊशेची दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन किलो तीनशे ग्रॅमचा फरक ती रोज डोक्यावर तोलत होती. प्लेटा भिंतीला ज्या क्रमाने लावलेल्या असत त्याच क्रमाने बारला चढत, त्यामुळे जड बाजू जवळजवळ नेहमी डावीच यायची. सर टेम्पोत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा हात ठीक आहे, आमचं लोखंड वाकडं होतं. एवढं मोकळेपणाने बोलणारे प्रशिक्षक मी थोडे पाहिलेत.

नवीन सेट घ्यायला लाखांत पैसे लागतात. ते जमेपर्यंत फाउंड्रीवाल्यांनीच मार्ग काढला. हलक्या प्लेटांना मागून भोक पाडून शिसं ओतलं, जड प्लेटा लेथवर घासल्या, आणि प्रत्येक प्लेट पुन्हा काट्यावर चढली. एक पैसा घेतला नाही त्यांनी.

मग रेकॉर्डचा प्रश्न आला. जिल्ह्याचे सगळे विक्रम त्याच लोखंडावर झालेले. मी ठराव मांडला की जुने विक्रम ‘नोंद’ म्हणून जपावेत, पण जिल्हा विक्रम म्हणून नवी सुरुवात करावी. सभा तापली. पोलिसात असलेले एक जुने लिफ्टर उठून म्हणाले, “म्हणजे आमची मेडलं परत घेणार का, मॅडम?” त्यांचं दुखणं खरं होतं. मी म्हटलं, “मेडल तुमचंच आहे, दादा. सगळे एकाच प्लेटांवर लढलात, तुम्ही पहिले आलात, तो क्रम खराच आहे. फक्त किलोचा आकडा आपल्याला पुढे सांगता येणार नाही.” हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गावातल्या गावात चुरस करायची असेल तर चुकीचं मापही चालून जातं, कारण सगळ्यांना सारखंच चुकतं. पण वेटलिफ्टिंगचं वेगळेपण हेच की इंफाळमधली मुलगी, सांगलीतला मुलगा आणि बोगोटातला मुलगा कधी समोरासमोर न येताही एकमेकांशी तोलले जातात. त्यांच्यात समान असतो तो फक्त किलो. ठराव बहुमताने झाला. ते दादा विरोधात होते, पण पुढच्या स्पर्धेला बारला प्लेटा चढवणारे लोडर म्हणून स्वतःहून उभे राहिले.

धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, थकलेले लेखापरीक्षण, नवीन बँक खातं या कामांत बराच काळ गेला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, वकील आणि कारकून यांच्या फेऱ्या असतात त्या. एवढंच सांगते, पावती फाडल्याशिवाय प्रवेश फी घ्यायची नाही हा नियम लागू केला तेव्हा सर्वांत जास्त कुरकुर चांगल्या माणसांनीच केली. विश्वासावर चालायचं म्हणे. संघटना विश्वासावर चालते हे मलाही मान्य आहे, पण तो विश्वास सचिवाच्या स्वभावावर ठेवायचा की वहीवर, एवढाच प्रश्न असतो. आंतरराष्ट्रीय संघटनेत काय झालं ते आठवा. तमाश आयान हे 1976 पासून तिचे सरचिटणीस आणि 2000 पासून अध्यक्ष होते. 2020 च्या जानेवारीत एका जर्मन वाहिनीने त्यांच्या कारभारावर माहितीपट दाखवला, जूनमध्ये चौकशी करणाऱ्या रिचर्ड मॅकलारेन यांचा अहवाल आला, आणि एक कोटी चार लाख डॉलरचा हिशोब लागत नाही असं त्यात लिहिलं होतं. जगाच्या खेळाची तिजोरी एका माणसाच्या हातात राहिली की हे होतं. आमच्या ट्रंकेला दोन किल्ल्या कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हे सांगत असे.

मुलं आमच्याकडे येत होती ती मात्र मेडलं बघून. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत एकट्या कुरुंदवाडच्या तिघांनी ब्राँझ आणलं: गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरने 248 किलोची टोटल करून सिल्व्हर घेतलं आणि भारताचं त्या स्पर्धेतलं खातं उघडलं. वडिलांची पानटपरी असलेला पोरगा तिथवर जातो हे बघून आमच्या हॉलच्या दारात चपलांचा ढीग वाढला. त्यात मुलीही होत्या, कारण मीराबाई चानूचं टोकियो ऑलिम्पिकमधलं 202 किलोचं सिल्व्हर प्रत्येक घरातल्या टीव्हीवर दिसलं होतं. मीराबाईची मी मुलींना वेगळी गोष्ट सांगते. 2016 ला रिओत क्लीन अँड जर्कच्या तिन्ही प्रयत्नांत तिची लिफ्ट बसली नाही, टोटलच लागली नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली.

गर्दी वाढली की मागोमाग डबे येतात. पावडरचे, गोळ्यांचे, आणि ज्यांच्याबद्दल कुजबुजत बोलतात ती इंजेक्शनं. आपल्या देशाने याची किंमत मोजली आहे. 2004 च्या अथेन्समध्ये आपल्या दोन मुली डोपिंगमध्ये सापडल्या, 2006 मध्ये देशावर बंदी आली, आणि 2009 मध्ये पुन्हा सहा खेळाडू सापडल्यावर राष्ट्रीय संघटनेला पाच लाख डॉलर दंड झाला. तो भरला नसता तर 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत, घरच्या स्पर्धेत, भारताचे लिफ्टर उतरले नसते. यात शिक्षा झाली ती बहुतेक विशी-पंचविशीतल्या पोरांना. बाटली हातात देणारे फारसे कोणाला माहीत नसतात. मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

म्हणून आम्ही पालकसभा घेतली. मुलांना सगळे सांगतात, आईबापांना कोणी सांगत नाही. सप्लिमेंट विकणाऱ्या एका दुकानाने स्पर्धेचे टी-शर्ट देऊ केले होते, ते आधीच नाकारले होते. सभेत मी डोप चाचणीतल्या ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्यांचं सील, फॉर्म, सगळं खडूने फळ्यावर काढून समजावलं. भाजीचा गाळा लावणाऱ्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “लघवी कोणासमोर करायची?” हॉल गप्प झाला. मी सरळ सांगितलं की नमुना देताना एक अधिकारी बघत असते, ती बाईच असते, आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या बाजूचं माणूस सोबत राहू शकतं. मावशी म्हणाल्या, “मग ते माणूस मीच. तारीख सांगा, गाळा बंद ठेवीन.” त्यानंतर इतर बायका बोलायला लागल्या: खोकल्याचं औषध चालतं का, डॉक्टरांना काय सांगायचं, पाळीच्या गोळ्यांचं काय. इतके नेमके प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षकाने विचारले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक खेळाडूच्या नावे औषधांची वही असते आणि ती आई लिहिते.

मधल्या काळात, 2021 च्या डिसेंबरमध्ये, मात्र मी हादरले. लॉस एंजेलिसच्या 2028 ऑलिम्पिकच्या सुरुवातीच्या यादीत वेटलिफ्टिंग नव्हतं. डोपिंग आणि कारभार, दोन्हींमुळे. पालक विचारायला लागले, ऑलिम्पिकमध्ये नसणाऱ्या खेळात पोरगी कशाला घालायची? माझ्याकडे उत्तर नव्हतं, काही मुली गेल्या. पुढे नियम बदलले, डोपिंगची तपासणी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हातून निघून स्वतंत्र यंत्रणेकडे गेलेलीच होती, 2022 मध्ये तिरानात संघटनेचे नवे अध्यक्ष निवडून आले. आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं ते आपल्या मुंबईत. सगळ्या वर्तमानपत्रांत क्रिकेटचा ऑलिम्पिक प्रवेश पहिल्या पानावर होता. त्याच अधिवेशनात वेटलिफ्टिंगचं 2028 मधलं स्थानही पक्कं झालं. ती बातमी मी हॉलमध्ये वाचून दाखवली तेव्हा मुलींनी बारवर हात आपटून जो आवाज केला, त्याने शेजारच्या वाचनालयातून माणूस आला.

आता माझी दुसरी मुदत संपते आहे. राष्ट्रीय क्रीडा संहितेने सचिवाला लागोपाठ दोनच मुदती ठेवल्या होत्या. ती राष्ट्रीय संघटनांसाठी होती, पण आम्ही घटनादुरुस्ती करून ती मर्यादा स्वतःला लावून घेतली. मी पद सोडते आहे म्हणून काही जण नाराज आहेत. त्यांना मी म्हटलं, नियम माझ्यावरच पहिल्यांदा लागू होतो आहे हे चांगलंच आहे.

निवडणुकीआधी एक वाद मिटायचा आहे. गेल्या दोन वर्षांत ज्या व्यायामशाळेचा एकही खेळाडू स्पर्धेत उतरला नाही, तिला मत असावं का? मी नको म्हणते. कागदावरच्या व्यायामशाळांनीच ही संघटना बुडवली होती. पण दूरच्या तालुक्यातल्या एका तालमीने लेखी हरकत घेतली आहे की आमच्याकडे पोरं आहेत, बार आहे, फक्त स्पर्धेला यायला गाडीभाडं नाही. हरकत रास्त वाटते. म्हणून येत्या रविवारी खजिनदार आणि मी तिकडे जाणार आहोत. काटा सोबत नेतो आहोत.