मधले दिवस

गेल्या श्रावणात माझ्या पुतणीचा फोन आला. ती पुण्याला इतिहास शिकते. ख्यालीखुशाली होण्याआधीच तिने विचारले, "मोठे काका, इंटररेग्नमला मराठीत काय म्हणतात? बाबा म्हणाले, शब्दांचे काही असले तर मोठ्या काकांना विचार."

तिचे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याने माझे नाव काढल्याला पुष्कळ वर्षे झाली होती. "उद्या सांगतो," म्हणून मी फोन ठेवला आणि अंगणात येऊन बसलो. शब्दाचे उत्तर द्यायला उद्या कशाला हवा होता, हे माझे मलाच ठाऊक!

शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ नुसता 'दोन राजवटींमधला काळ'. रोम्युलसनंतर वर्षभर रोमला राजा नव्हता आणि सेनेटमधल्या वडीलधाऱ्यांनी पाळीपाळीने कारभार पाहिला, असे तिथली परंपरा सांगते. पुढे राजे गेले, दोन कॉन्सल आले. तरी दोघांचीही जागा रिकामी पडली, की नवी निवड होईपर्यंत एक 'इंटररेक्स' म्हणजे मधला राजा नेमीत. त्याची मुदत पाच दिवसांची. पाच दिवस सरले की दुसरा. पाच दिवसांत कोणाचा जीव आसनात गुंतणार? युक्ती शहाणपणाची खरी.

आपल्याकडे हाताशी शब्द आहे तो 'अराजक'. त्याची फोड केली तर अर्थ एवढाच, की जिथे राजा नाही ते. पण आपण म्हणतो, "अराजक माजले." तण माजते, रान माजते, तसे अराजक माजते. राजा नाही म्हणजे गोंधळ आलाच, हे आपल्या भाषेने गृहीत धरले आहे. याचे मूळ फार जुने असावे. दशरथ गेला तेव्हा राम वनात होता आणि भरत आजोळी. राजाचा देह तेलात ठेवून सारे भरताची वाट पाहू लागले. त्या वेळी अयोध्येतल्या जाणत्या मंडळींनी वसिष्ठांपुढे गाऱ्हाणे मांडले आहे. राजा नसला तर पाऊस पडत नाही, मुलगा बापाला जुमानत नाही, दार उघडे टाकून कोणी निजत नाही, माणसे माशांसारखी एकमेकांना गिळतात!

मात्र महाभारतातले भीष्म शांतिपर्वात वेगळीच हकीकत सांगतात. एके काळी राजाही नव्हता आणि शिक्षाही नव्हती. माणसे धर्माच्या आधाराने एकमेकांना सांभाळीत. पुढे मोहाने त्यांना घेरले, म्हणून राजा आणावा लागला. म्हणजे गोंधळ राजा नसल्याने झाला नाही; तो मोहाने झाला.

आमचे घर वाईला. वडील लवकर गेले, त्यामुळे राज्य आईचे. चाव्यांचा जुडगा सदा तिच्या कमरेला. ती गेली त्या दिवशी कोणीतरी तो देवघराच्या खुंटीला अडकवला. पुढचे तेरा दिवस घरात राजा नव्हता, आणि सांगायचे तर त्या तेरा दिवसांइतके शिस्तीत आमचे घर कधी चालले नाही. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला नाही. गाईची धार वेळेवर निघाली. "आईला चालले नसते," एवढे म्हटले की वाद मिटे. इंग्लंडात 1649 साली पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि 1660 साली त्याचा मुलगा परतून गादीवर बसला. कायदेपंडितांनी ते वर्ष त्याच्या कारकिर्दीचे पहिले न धरता बारावे धरले. मधली वर्षे राजा नव्हताच असे त्यांनी मानलेच नाही. आमचेही तसेच होते. आई गेली होती, पण कारकीर्द तिचीच चालू होती.

चौदाव्या दिवशी सकाळी मी खुंटीवरचा जुडगा काढला आणि खिशात टाकला. मी थोरला, मला त्यात काही वावगे वाटले नाही. आईच्या अखेरच्या चार वर्षांत तिचे सगळे धाकट्याने आणि त्याच्या बायकोने केले होते. मी मुंबईहून सणावारी येणारा. जुडगा खिशात टाकून मी थांबलो नाही. औषधपाण्याच्या खर्चाचा हिशेबही मी त्याला विचारला. त्याने वही आणून माझ्यापुढे ठेवली. एक अक्षर बोलला नाही. त्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी त्याने पुण्याला बिऱ्हाड केले.

30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवाईची वस्त्रे राघोबादादांनी घेतली. तेव्हा बारभाईंनी गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर ठेवून, जो अजून जन्मलाच नव्हता त्याच्या वतीने कारभार हाती घेतला. 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीसाव्या दिवशी त्यांना वस्त्रे मिळाली. या कथेत गादी रिकामी राहिल्याचे दुखणे फारसे नाहीच. दुखणे आहे ते एका गादीला दोन धनी झाल्याचे. दादा इंग्रजांकडे गेले आणि ते भांडण 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत पुरले.

ती वही माझ्यापाशी अजून आहे. हिशेब चोख आहे. शेवटी आईसाठी आणलेल्या मोसंब्यांचे पैसेसुद्धा मांडलेले आहेत. जुडग्यातल्या चाव्यांपैकी दोनच आता कुठे लागतात. एक फडताळाला, एक आईच्या ट्रंकेला. आणि ट्रंकेत आहेत आमच्या दोघांच्या मुंजीतल्या लंगोट्या.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. पुतणीला म्हटले, "इतिहासाच्या वहीत 'राजांतराचा काळ' लिही. 'अराजक' लिहू नकोस. ते त्या काळानंतर येते, आणि येईलच असेही नाही." तिने लिहून घेतले. मग मी विचारले, "बाबा आहेत का घरात?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याचा आवाज आला, "बोल, दादा."

या दिवाळीला तो येणार आहे. जुडगा मी देवघराच्या खुंटीला अडकवून ठेवला आहे.