जवारी

वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. तुटलेल्या वायरीचे तंतू विस्कटलेले असतात. हिचं टोक पकडीनं सरळ कापून मागं दुमडलं होतं आणि चुकून चेसिसला टेकू नये म्हणून त्यावर पिवळी स्लीव्ह चढवली होती. भिंगातून पाहिलं, तर स्लीव्ह घसरू नये म्हणून तिला दोऱ्याची बारीक गाठसुद्धा मारलेली. इतक्या निगुतीनं कुणी काही बिघडवत नाही.

मामांचा गिटार-ॲम्प्लिफायर आमच्या पुण्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर उताणा पडला होता. दोन दिवसांत टेबल मोकळं करून देतो असं मी घरात सांगितलं होतं, त्याला अकरा दिवस झाले होते. आम्ही मांडी घालून खाली जेवत होतो.

हा ॲम्प्लिफायर १९६९ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका रेडिओ मेकॅनिकनं बांधला. ‘बांधला’ हा मामांचाच शब्द, आमच्या मिरजेत तंबोरा बांधतात तसा. फेंडर, व्हॉक्स ही नावं मामांनी मासिकातल्या फोटोंत पाहिलेली. तो माल आपल्या आवाक्यातला नाही, हे ठाऊक होतं. म्हणून रेडिओच्याच सुट्या भागांतून हा उभा राहिला. एसीचं डीसी करायला एक ईझेड८१, आवाज उचलायला ईसीसी८३, आणि शेवटी स्पीकर हलवायला ईएल८४ची जोडी. त्यांच्या काचेवर बीईएल ही अक्षरं आहेत, म्हणजे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह. प्लायवूडचं खोकं, त्यावर हिरवं रेक्झिन, आत बारा इंची स्पीकर. वजन सोळा किलो. हा आकडा वजनकाट्यानं मला आत्ता सांगितला. खांद्याला तो आठव्या वर्षापासून माहीत होता.

मामा हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा गज, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. व्हॅन शिप्ले यांच्या रेकॉर्डी ऐकून शिकलेले. गणपतीत, उरुसात, लग्नात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला की ॲम्प्लिफायरचं एक टोक मामांकडं आणि दुसरं माझ्याकडं. स्टेजवर बटण दाबल्यावर पंधरा-वीस सेकंद काहीच व्हायचं नाही. व्हॉल्व्हच्या आतली नळी तापून इलेक्ट्रॉन सोडायला लागेपर्यंत थांबावंच लागतं. मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायचा, तापलेल्या धुळीचा वास यायचा, मग स्पीकरमधून एक बारीक घूं. घूं आली की मी मामांकडं पाहून मान हलवायचो. ऑर्केस्ट्रातलं माझं काम एवढंच, आणि ते मी फार गंभीरपणे करायचो.

मामांचा आवाज बाकी कशासारखाच नव्हता. हळू छेडलं की गोल, गुळगुळीत. जोर दिला की सुराच्या कडेला एक खरखर यायची, भाजलेल्या पापडाच्या कडेसारखी. अकॉर्डियनवाले वैतागायचे. ‘तुझं मशीन फुटतंय,’ म्हणायचे. मामा हसून तेच परत वाजवायचे.

१९८१च्या सुट्टीत मी त्या मशीनचा जीव घेतला. सांगलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सगळं कळतं असा तो काळ. घूं वाढली होती, म्हणून मामा घरी नसताना उघडला. स्पीकरवरची धूळ काढायला स्पीकर सोडवून बाजूला ठेवला आणि तो परत न जोडताच बटण दाबून जोरात तारा छेडल्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला स्पीकरचा भार नसला, की व्हॉल्व्हकडच्या बाजूला व्होल्टेज भलतंच चढतं. हे वाक्य पुढं बत्तीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सांगितलं. त्या दुपारी फक्त आतून टक, टक, टक असं ऐकू आलं, मग जळक्या वार्निशचा वास, मग काहीच नाही. संध्याकाळी मामांनी खोक्यात डोकावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘असू दे. हात धू, जेवायला बस.’ ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

नंतर काही वर्षं मामांनी ट्रान्झिस्टरच्या एका डब्यावर भागवलं. मग कॅसिओचे की-बोर्ड आले, एका माणसात चार वाद्यं मावू लागली आणि हवाईयन गिटारची खुर्चीच स्टेजवरून गेली. ॲम्प्लिफायर काही काळ देवघराबाहेर स्टूल म्हणून होता, त्यावर तांदळाचा डबा. मग माळ्यावर. निवृत्त झाल्यावर मिरजेला गेलो, तेव्हा तो खाली उतरवला. रेक्झिनचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. स्पीकरच्या कागदाला मामांनीच कधीतरी पतंगाच्या कागदाचं लाल ठिगळ लावलेलं, ते मात्र जसंच्या तसं.

जुनं व्हॉल्व्हचं यंत्र सरळ प्लगात घालायचं नसतं. मी शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून मगच करंट दिला. आत काही शॉर्ट असेल, तर सगळा भार बल्बवर येतो आणि तो लख्ख पेटतो. लख्ख पेटला. फिल्टरचे दोन्ही कंडेन्सर गेले होते. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमधला ओला कागद इतक्या वर्षांत काय ओला राहणार? ते बदलले. मग रेझिस्टर: कार्बनचे जुने रेझिस्टर वयानं चढतात, एक लाख ओहमचा मीटरवर एक लाख अडुसष्ट हजार दाखवत होता. मग मधले कागदी कंडेन्सर. त्यांनी डीसी अडवायचा आणि फक्त सूर पुढं जाऊ द्यायचा. ईएल८४ काढून तिच्या सॉकेटच्या ग्रिड-पिनेवर मीटर लावला, तर शून्य हवं तिथं अकरा व्होल्ट. असाच चालवला असता, तर व्हॉल्व्हची प्लेट लाल झाली असती. हे सगळं करताना डावा हात खिशात. तीनशे व्होल्ट एका हातातून दुसऱ्या हाताकडं गेले, तर वाटेत काळीज असतं. आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भरलेलं राहतं, ते आधी उतरवून घ्यायचं.

राहिला ट्रान्सफॉर्मर, माझं पाप. बुधवार पेठेतल्या एका वाइंडिंगवाल्याकडं गेलो. गणित करून नेलं होतं. ईएल८४च्या जोडीला आठ हजार ओहमचा भार हवा, स्पीकर आठ ओहमचा, म्हणजे हजारपट. वेढ्यांचं प्रमाण त्याचं वर्गमूळ, सुमारे ३१.६. स्पीकरकडं एक वेढा, तर व्हॉल्व्हकडं जवळजवळ बत्तीस. त्यानं कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, ‘मास्तर, मी जुना उलगडून मोजतो.’ आठ दिवसांनी फोन आला. काळी पडलेली, केसासारखी तार त्यानं थर-थर करून उलगडली होती. माझ्या आकड्यापेक्षा नव्वद वेढे जास्त होते. ‘बनवणाऱ्यानं जास्त दिलेत, कमी नाहीत,’ म्हणाला. जितके होते तितकेच त्यानं परत भरले. माझा कागदही परत दिला.

आणि मग ती वायर दिसली. स्पीकरच्या टोकाकडून एक रेझिस्टर दुसऱ्या ईसीसी८३च्या कॅथोडकडं निघाला होता आणि वाटेत कापलेला होता. निगेटिव्ह फीडबॅक! हसूच आलं. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत सोडायचा. यंत्रानं पदरचं जे काही मिसळलेलं असतं, ते त्यानं बरंचसं खोडलं जातं. आवाज थोडा कमी होतो, पण स्वच्छ होतो. हॅरोल्ड ब्लॅक या बेल लॅब्जच्या इंजिनिअरला हे १९२७ साली हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीत सुचलं आणि हाताशी होता तो न्यूयॉर्क टाइम्सच त्यानं कागद म्हणून वापरला. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचो. मुलं बोटीच्या वेळी जागी व्हायची आणि समीकरण आलं की पुन्हा झोपायची.

तर मी स्लीव्ह काढली, कचऱ्यात टाकली आणि वायर जोडली. बटण दाबलं. वीस सेकंदांनी त्यानं अशी किंकाळी फोडली की शेजारच्यांनी बेल वाजवली. ट्रान्सफॉर्मर नवा भरलेला, त्याची टोकं उलटसुलट लागलेली. फीडबॅक उलटा जाण्याऐवजी सुलटा जात होता. व्हॉल्व्हकडची दोन टोकं अदलाबदल केली आणि शांत. एकदम शांत. घूं जवळजवळ नाहीच. बेल वाजवायला आलेल्या शेजाऱ्यांच्या मुलाकडं इलेक्ट्रिक गिटार आहे, त्यालाच बसवलं. स्वच्छ, नेमका, खणखणीत आवाज. व्हॉल्यूम चढवला तरी बराच वेळ तसाच. मी प्रॅक्टिकलला दहापैकी दहा दिले असते.

मामांना फोन लावला. ते ब्याऐंशीचे, मिरजेतच असतात, ऐकू चांगलं येतं. मुलानं वाजवलं, मी फोन स्पीकरसमोर धरला.

‘कुणाचा हाय ह्यो?’ मामांनी विचारलं.

‘तुमचाच, मामा.’

‘माझा न्हवं. ह्याची जवारी बंद हाय.’

मग कळलं. १९७०च्या आसपास, ॲम्प्लिफायर नवा असताना मामा घरी रियाज करत होते. समोर सतारमेकरांची गल्ली. पूर्वी तलवारी घासणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथं वाद्यं बनवायला घेतली, ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. त्यातले एक चाचा दारात येऊन उभे राहिले, ऐकलं आणि म्हणाले, ‘आवाज कोरा आहे बेटा. जवारी बंद आहे, खोल.’ तंबोऱ्याची घोडी सपाट नसते. कानशीनं घासून घासून तिला असा अलगद उतार देतात, की तार एका बिंदूवर न थांबता घोडीवर घासत घासत कंप पावते. त्या घासण्यातूनच सुराच्या अंगात वरचे सूर फुटतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक तुकडा सरकवून नेमकी जागा शोधायची. त्या दोऱ्याला म्हणतात जीव. लहानपणी मी चाचांसमोर बसून ते पाहिलंय. तासभर दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि मध्येच एका जागी खोली भरून जायची.

‘मग मी सांगलीच्या रेडिओवाल्याकडं गेलो,’ मामा सांगत होते. ‘त्याला म्हटलं, जवारी खोल. त्यानं चार दिवस डोकं खाजवलं. हे काढून बघ, ते काढून बघ. एक वायर तोडली आन्‌ म्हटलं, बास. हीच.’

तो रेडिओवाला कोण होता, त्याला ब्लॅक आणि हडसन ठाऊक होते का, कोण जाणे. इंग्लंडमध्ये डार्टफर्डला डिक डेनी यांनी व्हॉक्स एसी३० आखला, त्यातही याच ईएल८४ आहेत आणि असा फीडबॅक नाहीच. हे मी वाचलेलं होतं. किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली एका छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला आणि तोच आवाज रेकॉर्डवर गेला, हेही वाचलेलं होतं. तरी समोर कापलेली वायर दिसल्यावर माझा हात सरळ सोल्डरिंग आयर्नकडं गेला.

‘मी तिथं एक स्विच बसवतो, मामा,’ मी म्हणालो. ‘पाहिजे तेव्हा साफ, पाहिजे तेव्हा तुमचा.’

पलीकडं थोडा वेळ शांतता.

‘तंबोऱ्याला स्विच बघितलास का कधी?’

आणि मग, ‘लाल ठिगळ ठेवलंयस न्हवं?’

ठेवलंय, म्हटलं.

मुलगा घरी गेला. ॲम्प्लिफायर बंद करून कंडेन्सर उतरवून घेतले आणि जोडलेली वायर पूर्वी होती तिथंच कापली. स्लीव्ह कचऱ्याच्या डब्यात चहाच्या चोथ्याखाली सापडली, ती धुऊन पुसून टोकावर चढवली. जुनी गाठ काढताना दोरा तुटला होता. शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिमट्यानं गाठ मारायला बसलो. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.