पिपरीतला आमचा लेआउट

पिपरी (मेघे)त आम्ही घर बांधलं तेव्हा लेआउटमध्ये रोवलेले दगड, विजेचे खांब आणि मोजकी दोन-तीन घरं एवढंच होतं. शेवटच्या प्लॉटच्या धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी उभी असायची. वर्धा नगरपालिकेची हद्द अलीकडेच संपते, आमच्याकडे ग्रामपंचायत. 2011च्या जनगणनेत वर्ध्याची लोकसंख्या 1 लाख 6 हजार भरली. पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी ही शहराला चिकटलेली मेघेंची गावं त्या आकड्यात नाहीत. आमची कामं, कचेऱ्या, बाजार मात्र सगळं वर्ध्यात.

ही काळी जमीन कापसाला उत्तम, घराला अवघड. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मिस्त्रीने पाया आखतानाच ह्यांना सांगितलं होतं, "भाऊ, मुरूम लागेलोक खंदा लागते. नाही तं भिती तडकते." आम्ही ऐकलं, खर्च वाढला, पण भिंती शाबूत राहिल्या.

पहिला पावसाळा कठीण गेला. स्कूटर डांबरी रस्त्यावर ठेवायची आणि चपला हातात घेऊन चिखलातून घरी यायचं. नाल्या नव्हत्या. सांडपाण्यासाठी प्रत्येकाने आवारात शोषखड्डा केलेला, पण श्रावणात काळी माती पाणी पीतच नाही. खड्डे भरून वाहायचे आणि कुणाचं पाणी कुणाच्या दारात गेलं यावरून भांडणं व्हायची. शेवटी सगळे एका संध्याकाळी बसलो, वर्गणी काढली, रस्त्यावर मुरूम टाकला आणि उताराच्या बाजूने एक कच्ची नाली खोदली. सिमेंटचा रस्ता नंतर आला, पण शेजार त्या नालीपासून सुरू झाला असं मी मानते.

लेआउट मंजूर होताना काही जागा मोकळी सोडावी लागते. आमच्या ओपन स्पेसमध्ये आधी विटांचे तुकडे आणि कचरा पडायचा. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकाजींनी तिथे कडुनिंब आणि करंज लावले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा झाडं जगवणं सोपं नव्हतं. डेंग्यूच्या भीतीने कूलरच्या टाक्या दर आठवड्याला रिकाम्या करायच्याच असत. ते पाणी बादल्यांनी झाडांना घालायचं ठरलं आणि मुलांनी ते काम उचललं.

माझं माहेर सिंदी (रेल्वे)चं. तिथला तान्हा पोळा साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. तो मी इथे सुरू करू या म्हटलं, तर आर्वी, देवळी, कारंजाकडून आलेल्या घरांनी लगेच होकार दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी सजवून ओपन स्पेसमध्ये आणतात, तोरण तुटलं की घरोघरी बोजारा मागत फिरतात. बहुतेकांची शेती गावी राहिली, काहींची विकली गेली. त्यांच्या मुलांना पोळा या मैदानातच कळला.

वर्धा शहरसुद्धा 1866 साली पालकवाडीच्या जागी आखूनच वसवलेलं आहे. आखणी कागदावर होते, वस्ती मात्र राहणाऱ्यांनाच करावी लागते. म्हणून आमच्याकडे कुणी प्लॉट बघायला आलं की मी दोनच गोष्टी विचारायला सांगते: पावसाचं पाणी कुठे जातं, आणि ओपन स्पेस नकाशात आहे तेवढी जागेवर आहे का. भाव त्यानंतर विचारावा.